हर्षाचे कान

जंगलात शिरलं की हर्षा निमगडे बोलायची थांबते. जिप्सीतल्या पाहुण्यांना ती गेटवरच सांगून ठेवते, की मी गप्प बसले म्हणजे रागावले असं समजू नका, मी ऐकत असते. पाहुणे हसतात. पुढं एखाद्या वळणावर ती नुसता हात वर करते आणि ड्रायव्हर बिरजू तिथल्या तिथं इंजिन बंद करतो. पाहुण्यांना काहीच ऐकू आलेलं नसतं. हर्षाला नाल्यापलीकडे चितळाची हाक आलेली असते, किंवा झाडावरच्या वानराचा खकार. त्या आवाजाला इथले गाइड लोक नुसतं ‘कॉल’ म्हणतात. कॉल कुठून आला, कोणाचा आला, जनावर उभं आहे की चालून राह्यलं, एवढं सगळं तिला त्यातून कळतं. वाघ दरवेळी दिसतोच असं नाही. पण हर्षा गाडीत असली की बिरजू निश्चिंत असतो.

तिचं गाव भद्रावतीच्या पुढं, ताडोब्याच्या बफर जंगलाला लागून आहे. गावाजवळ सफारीचं गेट सुरू झालं तेव्हा गाइड म्हणून बायाही घ्यायच्या असं ठरलं. हर्षानं अर्ज केला. तिची आई ठमाबाई तेव्हा म्हणाली होती, की जंगलात सरपण आणायला जायची भीती वाटते आणि ही पोरगी लोकांना घेऊन वाघ शोधायला जाईल. आज तीच ठमाबाई पाहुण्यांच्या गाड्या घरावरून गेल्या की शेजारणीला सांगते, दुसऱ्या गाडीत आमची हर्षा आहे.

घरात माणसं मोजकी. ठमाबाई, हर्षा, मोठा भाऊ राजदीप, वहिनी आणि त्यांची मुलगी पिंकी. राजदीप जवळच्या रिसॉर्टमध्ये स्वयंपाकी आहे. त्याच्याशी बोलायचं तर समोर उभं राहावं लागतं आणि तोंडावर उजेड असावा लागतो. त्याला ऐकू येत नाही. तो ओठ वाचतो.

जन्मापासून तसा नव्हता तो. गावच्या भीमगीतांच्या मंडळात ढोलक त्याच्याकडे असायची आणि चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला बाजूच्या गावांहून त्याला बोलावणं यायचं. मग त्याला टीबी झाला. सरकारी गोळ्या सुरू झाल्या, खोकला थांबला, अंगावर मांस चढलं. त्याच सुमाराला गावातल्या टोळ्या मिरची तोडायला तेलंगणात निघाल्या. राजदीपही गेला. बरं वाटत होतं, म्हणून गोळ्यांचा डबा घरीच फळीवर राहिला. परत आला तो खोकत. पुन्हा गोळ्या, पुन्हा बरं वाटणं, पुन्हा मध्येच बंद. तिसऱ्या वेळी तपासणी झाली तेव्हा कळलं, की नेहमीच्या औषधांना त्याच्या छातीतले जंतू आता दाद देत नाहीत.

त्यावेळी अशा टीबीवर सुई असायची. महिनोन्‌महिने, रोज. हर्षा तेव्हा भद्रावतीला कॉलेजात होती. ती त्याला सकाळी सायकलवर डबलसीट उपकेंद्रात न्यायची, कारण सुया घेऊन घेऊन त्याला चालणंही कठीण झालं होतं. काही दिवसांनी तो म्हणायला लागला, की कानात रातकिडे ओरडून राह्यले. मग पाखरांचे आवाज गेले, सायकलची घंटी गेली. त्या वर्षीच्या चौदा एप्रिलला घरासमोरून मिरवणूक चालली होती, भोंग्यावर गाणं लागलेलं होतं, पोरं नाचत होती. राजदीप दारात उभा होता. त्यानं बहिणीकडे वळून विचारलं, “आज गाणं काऊन नाई लावलं?”

हर्षानं काय उत्तर दिलं ते तिला आठवत नाही. प्रश्न मात्र ती विसरली नाही.

सुईनं कान नेले, पण राजदीप वाचला, ही मोठीच गोष्ट होती. त्याच्यासोबत सुई घेणारे सगळे वाचले नव्हते. त्याचं पुढं लग्न झालं, पिंकी झाली, हाताला चव होती म्हणून स्वयंपाकाचं काम मिळालं. पण त्या घरात टीबी म्हटलं की मरणाच्या आधी कान आठवत.

मागच्या उन्हाळ्यात हर्षाला खोकला लागला. मे महिना म्हणजे सफारीचा भर. पाणवठ्यावर जनावर येतं, म्हणून पाहुण्यांची गर्दी. सकाळ-संध्याकाळ गाड्यांच्या मागे धूळ उडते आणि गाइडला खोकला येणं ही काही नवलाची गोष्ट नाही. तिनंही तसंच धरलं. गावात फटफटीवर एक डॉक्टर यायचा, तो खोकला-तापाच्या गोळ्या द्यायचा. त्यानं जोराची अँटिबायोटिक दिली. चार दिवस बरं वाटलं. मग पुन्हा खोकला. त्यानं दुसऱ्या रंगाचं पाकीट दिलं. पुन्हा थोडं बरं, पुन्हा तेच. अर्धी पाकिटं तिच्या पर्समध्ये तशीच पडलेली असायची.

जूनपर्यंत तिची पँट कमरेला सैल झाली. संध्याकाळी अंग तापायचं. एकदा सांबराचा कॉल आला आणि नेमकी त्याच वेळी तिला उबळ आली. उबळ थांबेपर्यंत जंगल गप्प झालं होतं. पाहुण्यांना गेटवर सोडल्यावर बिरजूनं गाडी घराकडे न वळवता रस्त्याच्या कडेला उभी केली आणि म्हणाला, की उद्या तू कामावर येऊ नको, भद्रावतीच्या दवाखान्यात जा, मी सोडून देतो.

ती गेली. थुंकीचा नमुना दिला. मशीनवरची तपासणी लवकर होते. निकाल आशाताईकडे आला. गावात आरोग्य खात्याचं काम पाहणाऱ्या आशाताई म्हणजे कांताबाई, हर्षाच्याच गल्लीतल्या. त्यांनी हर्षाला लहानपणापासून पाहिलेलं. त्या घरी आल्या, ठमाबाईला बाहेर पाठवलं, हर्षाला खाटेवर बसवलं आणि जमेल तितक्या हळू आवाजात सांगितलं, की टीबी आहे आणि साधा नाही. साध्या गोळ्यांना न जुमानणारा आहे. राजदीपभाऊला झाला होता तसाच. उद्या चंद्रपूरला जायचं आहे, मोठ्या डॉक्टरबाई सगळं समजावून सांगतील.

पुढचं कांताबाईंनी बरंच काही सांगितलं. हर्षाच्या डोक्यात मात्र एकच वाक्य राहिलं, राजदीपभाऊला झाला होता तसाच.

दुसऱ्या दिवशी ती चंद्रपूरची एसटी धरून निघाली खरी. कांताबाई पाठोपाठच्या गाडीनं येणार होत्या. चंद्रपूरच्या स्टँडवर उतरल्यावर हर्षा दवाखान्याकडे वळली नाही. समोर सावलीची गाडी लागलेली होती. ती त्या गाडीत बसली आणि फोन बंद केला.

सावलीजवळच्या एका खेड्यात तिची मावशी राहते, कमलामावशी. धानाचा पट्टा, रोवणीचे म्हणजे भातलावणीचे दिवस. हर्षा अचानक दारात उभी राहिली तेव्हा मावशीला वाटलं, पोरगी रोवणीला हातभार लावायला आली. हर्षानं तिला खरं सांगितलं नाही, पण मनाला जेवढं पटत होतं तेवढं पाळलं. तोंडाला मास्क बांधून ठेवला, अंग दुखतं म्हणून बाहेर ओसरीत झोपली, आपली ताटवाटी वेगळी ठेवली. मावशीच्या नातवंडांना जवळ येऊ दिलं नाही. दिवसभर बांधावर बसून बाया चिखलात रोवणी करताना पाहायची. त्या गाणी म्हणायच्या. हर्षा प्रत्येक गाणं शेवटपर्यंत ऐकायची.

पुढं ती सांगायची, की मरायची भीती मला तेव्हा वाटलीच नाही. मरण कसं असतं ते मी पाहिलं नव्हतं. बहिरं होणं रोज घरात पाहत होते. कान गेले तर जंगल गेलं, आणि जंगल गेलं तर मी करू काय? चार महिने मिळाले तर चार महिने, पण ऐकत राहीन, असं मी ठरवून टाकलं होतं.

इकडे घरात गोंधळ उडाला. कांताबाई दवाखान्याच्या दारात वाट पाहून थकल्या. ठमाबाईनं सगळ्या नातेवाइकांना फोन लावले. कमलामावशीनं हाव, इथीच आहे म्हणून सांगितलं तेव्हा कुठं त्या माउलीच्या घशाखाली पाणी उतरलं. बिरजू म्हणाला, गाडी काढतो, आत्ता घेऊन येतो तिला. राजदीप त्याला थांबवत म्हणाला, की मीच जातो. पण तो सरळ सावलीला गेला नाही. आधी चंद्रपूरला गेला.

टीबीच्या विभागात ज्या डॉक्टरबाई होत्या, त्या राजदीपच्या वेळच्या नव्हत्या. तरुण होत्या, चष्मा लावायच्या. राजदीप त्यांच्यासमोर जाऊन बसला, मला ऐकू येत नाही, हळू बोला, असं म्हणाला आणि आपली सगळी हकिकत सांगितली. बहीण पळून गेली ते सांगितलं. काऊन पळाली तेही सांगितलं. डॉक्टरबाईंनी त्याचं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं. मग त्यांनी तोंडावरचा मास्क काढला, खुर्ची खिडकीच्या उजेडाकडे सरकवली आणि एकेक शब्द सुटा करत बोलायला लागल्या.

दुपारून राजदीप मावशीच्या गावी पोचला. हर्षा बांधावर होती. तो दुरून चिखल तुडवत येताना दिसला तेव्हा तिला पुन्हा पळावंसं वाटलं, पण पाय उचलला नाही. तो येऊन तिच्या शेजारी बसला. मग तो बोलला. त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं तो नेहमीच जरा मोठ्यानं बोलतो. रोवणीतल्या बाया मान वर करून पाहायला लागल्या.

“सुई बंद झाली,” तो म्हणाला.

हर्षाला वाटलं, हा आपल्याला नेण्यासाठी काहीतरी बनवून सांगतो आहे. तिनं मान फिरवली. राजदीपनं तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं, लहानपणी करायचा तसं.

“मी त्या बाईच्या तोंडाकडं पाहून पुन्हा पुन्हा विचारलं. सुई आहे का? नाई म्हणे. कान जाते का? या गोळ्याइनं कान नाई जात म्हणे. हर्षा, मी बहिरा आहो, पन ‘नाई’ मले बरोबर दिसते.”

हर्षाला रडू फुटलं आणि रडता रडता खोकला. राजदीप तिच्या पाठीवर हात फिरवत राहिला. खोकला थांबल्यावर तिनं त्याच्यासमोर तोंड नेऊन विचारलं, की मग तुझ्या वेळी काऊन नव्हत्या या गोळ्या? त्यानं खांदे उडवले. म्हणाला, “तवा निघाल्याच नव्हत्या. आता निघाल्या तर तू खा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं चंद्रपूरला गेले. निघताना हर्षानं मावशीला सगळं खरं सांगितलं. मावशी रागावली नाही. तिनं घरच्या सगळ्यांची तपासणी करून घ्यायचं कबूल केलं आणि वाटेसाठी डब्यात भाकर बांधून दिली.

डॉक्टरबाईंनी त्या दिवशी जे सांगितलं ते हर्षाला अजून तोंडपाठ आहे, कारण तिचा स्वभावच तसा आहे. एखादी गोष्ट समजली की ती पाहुण्यांना सांगावी तशी नीट सांगते. औषध सुरू केलं की आधी लेचेपेचे जंतू मरतात. माणसाला बरं वाटतं. चिवट असतात ते मागे उरतात आणि औषध मध्येच थांबलं की त्यांचीच पिलावळ वाढते. मग तेच औषध त्यांना पाण्यासारखं होतं. असं एका माणसाच्या छातीत घडतं, पण तिथंच राहत नाही. खोकल्यातून तोच चिवट जंतू दुसऱ्याकडे जातो, आणि ज्यानं आयुष्यात एक गोळी चुकवली नाही त्यालाही तो पहिल्यापासून चिवटच मिळतो. टीबीचंच नाही, लघवीचा दाह, जखमेतला पू, लहान लेकरांचा न्यूमोनिया, सगळीकडे हेच चाललं आहे आणि एकट्या चंद्रपुरात नाही, जगभर. हर्षाला ज्या गोळ्या मिळणार होत्या त्या आधी दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांनी घेऊन पाहिल्या होत्या. तिथंही आपल्यासारख्या खाणी आहेत आणि खाणीतल्या माणसांच्या छातीत हाच रोग आहे, असं बाई म्हणाल्या.

राजदीप सगळा वेळ त्यांच्या ओठांकडे पाहत होता. शेवटी त्यानं विचारलं, “माह्याच पासून गेला का हिले?”

डॉक्टरबाई म्हणाल्या, “असेल. हा जंतू छातीत वर्षानुवर्षं निजून राहू शकतो. नसेलही, तिच्या गाडीत कितीतरी लोक बसतात. आता ते शोधून काढता येणार नाही, आणि शोधून तिला फायदाही नाही. तुम्ही तिला इथवर आणलंत, त्याचा फायदा झाला.”

राजदीपनं मान हलवली. पण घरी गेल्यावर तो दोन दिवस जेवला नाही. हर्षानंच शेवटी त्याला ताटावर बसवलं. मिरची तोडायला गेला तेव्हा घरात काय होतं, हे तिला ठाऊक होतं. माझी फीस त्याच मजुरीतून भरली होतीस, एवढंच ती त्याला म्हणाली.

एक काळजी अजून बाकी होती. फटफटीवाल्या डॉक्टरनं जी अँटिबायोटिक दिली होती, ती नव्या गोळ्यांपैकी एकीच्याच जातीची निघाली. अर्धी अर्धी पाकिटं खाऊन हर्षाच्या छातीतले जंतू त्या गोळीलाही सरावले असतील, तर हा इलाज लंगडा पडणार होता आणि मग जास्त लांबचा, जास्त त्रासाचा रस्ता धरावा लागला असता. त्यासाठी वेगळी तपासणी पाठवली. निकाल येण्याआधीच हर्षानं ती उरलेली पाकिटं पर्समधून काढून कांताबाईंच्या हवाली केली. त्या निकालाची वाट पाहणं हाच आजारातला सगळ्यात वाईट काळ होता, असं ती म्हणते. गोळी लागू पडते असा निकाल आला, तेव्हा डॉक्टरबाईंनी फोनवर आधी मोठा श्वास सोडला. हर्षाला शब्दांआधी तो श्वासच ऐकू आला.

घरच्यांचीही तपासणी झाली. ठमाबाई ठीक, वहिनी ठीक, राजदीपच्या छातीचा फोटो जुन्या डागांचा पण नवं काही नाही. पिंकीचं वजन कमी होतं, म्हणून तिच्याबद्दल सगळ्यांना धाकधूक होती. तिलाही काही निघालं नाही. पिंकीला एक्स-रेचं मशीन फार आवडलं. पुन्हा कधी जायचं म्हणून ती विचारत राहिली आणि तिच्या आजीनं तिला पहिल्यांदाच एक चापट मारली आणि लगेच पोटाशी धरलं.

गोळ्या सहा महिन्यांच्या होत्या. सोप्या नव्हत्या. सुरुवातीला अन्नाच्या वासानंही पोटात ढवळायचं. रोज कांताबाई येऊन समोर उभ्या राहायच्या, गोळ्या गिळल्या की तोंड उघडून दाखव म्हणायच्या, आणि हर्षा चिडून पिंकीसारखी जीभ काढून दाखवायची. काळजाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायला चंद्रपूरला जावं लागायचं. दिवाळीच्या सुमाराला तळपायांना मुंग्या यायला लागल्या. चप्पल पायात आहे की नाही ते खाली पाहिल्याशिवाय कळेना. हर्षा घाबरली. सुईनं कान घेतले, गोळी पाय घेणार, असं तिला वाटलं. पण यावेळी ती पळाली नाही. सकाळी स्वतःच कांताबाईंच्या दारात गेली. डॉक्टरबाईंनी एका गोळीचं प्रमाण कमी केलं, रक्त तपासलं, आणि मुंग्या हळूहळू उतरल्या. डाव्या अंगठ्याला थोडा बधिरपणा अजून आहे. ती त्याला फार किंमत देत नाही.

या सगळ्या काळात राजदीप तिच्यासाठी वेगळं रांधायचा. रिसॉर्टमधून दमून आला तरी हिच्या तोंडाला जाईल असं काहीतरी करायचाच. वरणात लसूण जास्त घाल, कमी घाल, अशी ती भांडायची. तो तोंड फिरवून घ्यायचा, म्हणजे तिचं भांडण त्याला वाचता येऊ नये. ठमाबाई म्हणायची, की हे दोघं एवढं भांडतात म्हणजे पोरगी वाचली.

थुंकीतले जंतू दिवाळीआधीच नाहीसे झाले होते. अंगात ताकद आल्यावर डॉक्टरबाईंनी कामाला हरकत नाही म्हणून सांगितलं. बिरजूनं त्या दिवशी गाडी धुऊन आणली होती. गेटवरच्या बाकी गाइड मंडळींना सगळं ठाऊक होतं. कोणी कोणी आपापल्या जागेवरून दोन पावलं मागे सरकले. एकीनं मात्र जवळ येऊन तिच्या बाटलीतलं पाणी मागितलं आणि प्यायली. त्या बाईचं नाव सांगायला हर्षा विसरत नाही. लच्छू तिचं नाव.

पहिल्या फेरीत वाघ दिसला नाही. नागपूरचं एक कुटुंब होतं, ते थोडं नाराज झालं. परतताना पुढच्या गाडीनं धूळ उडवली आणि हर्षाला खोकला आला. बिरजूनं इंजिन बंदच केलं. आरशातून तो तिच्याकडे पाहत राहिला, ती स्वतःच्या छातीकडे लक्ष देऊन बसली. पाणी प्यायली. पुन्हा खोकला आला नाही. “धूळ आहे,” ती म्हणाली, आणि बिरजूनं गाडी सुरू केली. अशी भीती तिला अजून अधूनमधून गाठते. आधीपेक्षा कमी वेळा.

आता गावात कोणाला खोकला धरला की ती कांताबाईंच्या आधी हजर होते. फटफटीवाला डॉक्टर अजून येतो. त्याच्याशी ती भांडत नाही, पण त्यानं अर्धं पाकीट दिलं तर पूर्ण कोर्स किती दिवसांचा ते त्याला चारचौघांत विचारते. गावच्या खालच्या टोलीत, म्हणजे वस्तीत, सुकलू म्हणून ट्रॅक्टर चालवणारा आहे. त्यानं टीबीच्या साध्या गोळ्या बरं वाटलं म्हणून सोडल्या होत्या. हर्षा राजदीपला घेऊन त्याच्याकडे गेली. तिनं काही उपदेश केला नाही. राजदीपला पुढं बसवलं आणि सुकलूला म्हणाली, याच्याशी बोल. सुकलू दोन-चार वाक्यं बोलला, राजदीपला ती नीट वाचता आली नाहीत, कारण सुकलू मिशीतल्या मिशीत बोलत होता. पुन्हा बोल, पुन्हा बोल, असं होता होता सुकलूच्या बायकोनं आतून गोळ्यांचा डबा आणून नवऱ्यापुढं ठेवला.

जानेवारीच्या शेवटी शेवटची तपासणी होती. राजदीपनं सुटी घेतली. दोघं सकाळच्या गाडीनं चंद्रपूरला गेले. फोटो झाला, कागद पाहून झाले. डॉक्टरबाई म्हणाल्या, की इलाज पूर्ण झाला, अधूनमधून दाखवायला यायचं, पण गोळ्या संपल्या. हर्षानं राजदीपकडे पाहिलं. त्यानं बाईंचे ओठ वाचलेले होते, तरी हर्षाला म्हणाला, तू सांग. तिनं त्याच्यासमोर तोंड नेऊन सांगितलं. तो हसला आणि डॉक्टरबाईंना विचारायला लागला, की तुम्ही कधी आमच्याकडं जेवायला येता?

परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. ऊन तिरपं झालं होतं, गाडीत गर्दी नव्हती. राजदीपनं बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकवलं. गेले सहा महिने तो रिसॉर्टचं काम करून घरचंही रांधत होता, आणि पहाटे उठून हर्षाचा श्वास चालू आहे ना ते तिच्या पाठीवर हात ठेवून पाहत होता, हे तिला वहिनीनं सांगितलं होतं. त्याला झोप लागलेली पाहून ती हलली नाही. आपण जागं राहू, भद्रावती आली की उठवू, असं तिनं ठरवलं.

तिला जाग आली ती कंडक्टरच्या आवाजानं. बाहेर स्टँड होता, पण भद्रावतीचा नव्हता. पाटीवर वरोरा लिहिलेलं होतं. कंडक्टर म्हणाला, की ताई, भद्रावतीला मी दोनदा ओरडलो, तुम्ही दोघंही घोरून राह्यले होते. हर्षानं राजदीपला हलवलं. त्यानं खिडकीतून पाहिलं, पाटी वाचली, बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं.

“तुले तर आयकू येते न?” तो म्हणाला.

हर्षाला हसू आवरेना. राजदीपही हसायला लागला. घरी ठमाबाई वाट पाहत होती, तिला फोन करून गाडी चुकली म्हणून सांगितलं. परतीची गाडी लागायला वेळ होता. स्टँडबाहेर एक बाई गरम भजी तळत होती. दोघं तिथल्या बाकावर बसले आणि गाडी लागेपर्यंत खात राहिले.